अंगठ्यातला ताल

बेस गिटारची तार अंगठ्याने आपटून वाजवायची ‘स्लॅप’ पद्धत एका अडचणीतून जन्मली. लॅरी ग्रॅहम टेक्ससमध्ये जन्मला आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढला. १९६०च्या दशकात तो आईच्या, डेल ग्रॅहम यांच्या, छोट्या संचात वाजवत असे. आई पियानोवर बसून गायची, लॅरी हातांनी गिटार आणि पायांनी ऑर्गनचे खर्जाचे पेडल सांभाळायचा, जोडीला एक ड्रमर. ऑर्गन बिघडला तेव्हा लॅरीने तात्पुरती सोय म्हणून बेस गिटार भाड्याने आणली. पुढे ड्रमरही राहिला नाही. मग त्याने ड्रमचं काम तारांवर घेतलं: पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या जागी जाड तारेवर अंगठ्याचा ठोका, आणि स्नेअर ड्रमच्या जागी बारीक तार बोटाने ओढून सोडल्याचा कडक आवाज.

पुढे स्लाय स्टोनने त्याला आपल्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडमध्ये घेतलं. डिसेंबर १९६९ मध्ये आलेलं त्यांचं ‘थँक यू’ हे गाणं फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि हा आवाज घराघरांत पोहोचला. न्यू ऑर्लीन्सचे जॅझ वादक त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या डबल बेसची तार ओढून फळीवर आपटत होते हे खरं. पण विजेच्या बेसवर अंगठा आणि बोट यांची जोडी बसवली ती ग्रॅहमने.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की स्लॅप सुधारण्याची वाट त्यातूनच निघते. स्लॅप मुळात ताल आहे, सूर त्यावर नंतर चढतो. ज्याचं स्लॅप ऐकायला गचाळ वाटतं त्याचा अंगठा बहुतेक वेळा ठीकच असतो. नको असलेल्या तारा गप्प बसत नाहीत, ही खरी तक्रार असते.

तरी सुरुवात अंगठ्यापासून करू. फ्रेटबोर्ड जिथे संपतो, शेवटच्या फ्रेटच्या आसपास, तिथे मारायचं. मार बसतो तो अंगठ्याच्या सांध्याच्या बाजूचा, हाडाचा भाग. तार क्षणभर फ्रेटच्या धातूवर आपटते आणि तो खणखणीत आवाज येतो. ताकद कोपरातून किंवा खांद्यातून आणायची नाही. कुलपात किल्ली फिरवताना हात जसा मनगटातून पुढे-मागे वळतो, तेवढंच वळण पुरतं. नवशिके जोर लावतात, तार दाबून धरतात आणि आवाज बसका येतो. ठोका पडताक्षणी अंगठा तारेवरून उसळून बाजूला झाला पाहिजे, म्हणजे तार मोकळी घुमते. काही वादक उसळण्याऐवजी अंगठा तारेतून आरपार नेऊन पुढच्या तारेवर टेकवतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण आधी एक पक्की करावी.

गिटार खाली लोंबकळत असेल तर अंगठा जमिनीकडे वळतो. रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली असा वाजवतो. मार्कस मिलरचा अंगठा तारांना जवळजवळ समांतर असतो. बसून रियाज करताना गिटार ज्या उंचीवर असते, उभं राहिल्यावरही पट्टा तेवढाच ठेवा. नाहीतर घरी बसलेला हात स्टेजवर परका होतो.

तार ओढण्याच्या क्रियेला वादक पॉप म्हणतात. त्यात चूक एकच आणि ती सगळीकडे दिसते: बोट तारेखाली फार खोल घालणं. तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं टोक पुरतं. अंगठा खाली गेल्यावर हात परत वळतो, त्या परतीच्या वळणातच पॉप व्हावा. तो ठोक्यापेक्षा मोठा वाजण्याची खोड असते, म्हणून मुद्दाम हलका ठेवायचा. कॉम्प्रेसर हा इफेक्ट हे विषमपण झाकतो. म्हणूनच रियाज कोणत्याही इफेक्टशिवाय करावा.

आता डावा हात. स्लॅपमधला अर्धा ताल सूर नसलेल्या ठोक्यांचा असतो; त्यांना घोस्ट नोट म्हणतात. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या अंगठ्याने मारायचं: ‘ठप’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. इथे एक बारकावा आहे, तो बहुतेकांना उशिरा कळतो. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट टेकवलं तर ठपऐवजी घंटीसारखा हार्मोनिक वाजतो. त्या जागी तार समान भागांत विभागली जाते, त्यामुळे ती गप्प न होता वरच्या सुरात बोलते. म्हणून तार गप्प करताना किमान दोन बोटं टेकवावीत. सूर वाजवतानाही मोकळी राहिलेली बोटं उरलेल्या तारांवर आडवी पडलेली हवीत. हे जमलं की ऐकणाऱ्याला वाटतं वादकाचा वेग वाढला, खरं तर फक्त गोंगाट गेलेला असतो.

रियाजाला सप्तकाचा धडा सर्वांत चांगला. सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट अंगठ्याने, आणि मधली एक तार सोडून पलीकडच्या तारेवर पाचवा फ्रेट पॉपने: तोच सूर, एक सप्तक वर. मेट्रोनोम साठवर ठेवा. आधी एका मात्रेत दोन, मग मधल्या जागा घोस्ट नोटने भरून चार. हातांच्या आधी तोंडाने म्हणा. तबल्याच्या विद्यार्थ्याला पढंत करायला लावतात ते उगाच नाही. अंगठ्याला, पॉपला आणि घोस्टला आपापले बोल द्या आणि ते न अडखळता म्हणता आले की मगच तारेला हात लावा. नंतर मेट्रोनोमचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. लय खरोखर आपल्या अंगात आहे की यंत्राच्या आधाराने उभी आहे, हे तिथे लगेच कळतं.

मुंबईची मोहिनी डे हे या बाबतीत आपल्या जवळचं मोठं उदाहरण. बेस वादक वडिलांकडे शिकलेली ही वादक कर्नाटक संगीतातल्या कोन्नक्कोलच्या बोलांसह बेस वाजवते. तिच्या वेगाची चर्चा फार होते. त्याहून ऐकण्यासारखं आहे ते तिच्या प्रत्येक बोलाचं स्वच्छ उमटणं.

वाद्याबद्दल थोडक्यात: गुंडाळी असलेल्या राउंडवाउंड तारा हव्यात, ४५ ते १०५चा नेहमीचा संच पुरेसा आहे. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर हात उगाच थकतो, म्हणून एकदा जाणकाराकडून सेटअप करून घ्यावा. महाग गिटारने स्लॅप सुधारत नाही.

पुढच्या पायरीवर व्हिक्टर वूटेनचा दुहेरी अंगठा येतो. अंगठा खाली जाताना वाजवतो आणि वर येतानाही, जणू तोच प्लेक्ट्रम. ते शिकायची घाई सगळ्यांना असते. माझं स्पष्ट मत आहे की साध्या सप्तकाच्या धड्यात घोस्ट नोट कोरड्या येईपर्यंत त्याकडे वळूच नये. त्या काळात ऐकण्यावर भर द्यावा: मायकेल जॅक्सनच्या ‘ऑफ द वॉल’वर लुई जॉन्सन, माइल्स डेव्हिसच्या १९८६च्या ‘टुटू’वर मार्कस मिलर, आणि स्टॅनली क्लार्कचा १९७६चा ‘स्कूल डेज’. लुईचा हात लांबून येऊन तारेवर कोसळतो, मार्कसचा जेमतेम हलतो. दोघांच्याही ठोक्यांमधल्या रिकाम्या जागा मात्र सारख्याच काटेकोर आहेत.

अंगठ्याला सुरुवातीला फोड येतो, तो बरा होतो. मनगटात किंवा कोपराजवळ कळ येऊ लागली तर मात्र त्याच क्षणी थांबा, आणि ती दोन-चार दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. रोज अर्धा तास, सावकाश आणि न दुखता, एवढं केलंत तर हात नक्की बसेल.