पळसाखालचा चित्रकलेचा तास

फाल्गुन लागला की आमच्या शाळेमागच्या बांधावरचा पळस पेटतो. खरीखुरी आग नाही हं! झाडावर पान म्हणून नसतं, आणि फांदी न् फांदी केशरी फुलांनी लगडलेली असते. आमचा दुसरीचा वर्ग त्या झाडाखाली चित्रं काढायला कसा गेला, ते सांगते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून झाली. वर्गातला एक मुलगा दर शुक्रवारी रंगीत खडू घरी विसरायचा. दोनदा मी रागावले. तिसऱ्यांदा त्याला मागच्या रांगेत बसवलं. मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्याच्याकडं खडू न्हाईतच." मी गप्पच झाले. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगला सोडवला होता, पण एवढी साधी गोष्ट काही दिसली नव्हती. पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांनाच सांगितलं, "आज कुणीही खडू काढायचे नाहीत. चला बांधावर!"

खाली पडलेली फुलं आम्ही वेचली. झाडावरची तोडायची नाहीत बरं का, तिथे मैना आणि बुलबुल मध प्यायला येतात. मग एकेक फूल हातात घेऊन नीट पाहिलं. देठाकडची काळपट वाटी मखमलीसारखी मऊ लागते. पाकळ्या पाच, पण सगळ्या सारख्या नाहीत. एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन जुळून झालेली पोपटाची चोच! संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' तोवर माझ्या वर्गात प्रत्येक फूल म्हणजे मध्ये गोल आणि भोवती पाच सारख्या पाकळ्या. फळ्यावर मीच तसं काढून देत होते ना!

आता रंग. फुलांच्या काळ्या वाट्या काढून टाका. वाटीभर पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवा, किंवा आईबाबांना दहा-पंधरा मिनिटं उकळून द्यायला सांगा. गाळलं की पिवळा-केशरी रंग तयार. रंगपंचमीला पूर्वीपासून हाच खेळतात. लाल जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट रंग उमटतो, आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो. पालकाच्या पानाचा हिरवा, कोळशाचा काळा, गेरूचा तांबडा. ब्रश म्हणून कडुलिंबाची काडी टोकाशी दगडाने ठेचून घ्यायची.

सगळ्यात गंमत हळदीची. पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासा आणि वाळू द्या. मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर नाव लिहा. अक्षरं लाल उमटतात! लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. असं का? हळदीचा रंग साबणासारख्या अल्कलीत लाल होतो आणि आम्लात परत पिवळा. हळदीपासून कुंकू करतात, तेही याच युक्तीने.

पालकहो, एक विनंती. मुलं हे करताना फरशी आणि कपडे खराब होणारच. जुना शर्ट घाला, खाली वर्तमानपत्र पसरा, आणि चित्रात तुमचा हात घालू नका.

चैत्रात पळसाला पालवी फुटेल, तेव्हा 'पळसाला पाने तीनच' ही म्हण खरी का ते मोजून पाहा. आमच्या मुलांचा तीनाचा पाढा देठ मोजतामोजता पाठ झाला.

आणि तो मुलगा? त्याने हळदीचा सूर्य काढला. तो मी खिडकीत चिकटवला. काही दिवसांनी तो फिका दिसू लागला. मला वाटलं, आता हा रडणार. तर त्याने दुसरा सूर्य काढला, मराठीच्या पुस्तकात दडवला आणि रोज दोन्ही शेजारी धरून पाहू लागला. आठवड्याने माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, पुस्तकातला तसाच हाय. खिडकीतला उन्हानं खाल्ला."