अपरिग्रह : घराचा आणि दवाखान्याचा

पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलेल्या पाच यमांपैकी अपरिग्रह हा शेवटचा. अहिंसा आणि सत्य यांवर आपण व्याख्याने ऐकतो. अपरिग्रहाची आठवण मात्र बहुधा घर बदलताना होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावलेल्या अनेक डॉक्टरांची ती वेळ आता जवळ आली आहे. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड अशी हौसेने बांधलेली घरे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. जिने तेच, गुडघे मात्र तसे राहिलेले नाहीत. लहानशा सदनिकेत जावे हा विचार मनात येतो आणि माळ्यावरच्या पसाऱ्यापाशी अडखळतो.

कमी वस्तूंत जगणे म्हणजे उणे जगणे नव्हे, हे बालके आपल्याला शिकवू शकतात. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांना एकदा चार व एकदा सोळा खेळणी दिली. चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्यात अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक परींनी खेळली. म्हणूनच आम्ही पालकांना सांगतो, थोडी खेळणी बाहेर ठेवा, उरलेली आलटून पालटून काढा. हा सल्ला मोठ्यांनीही ऐकण्याजोगा आहे.

डॉक्टरांच्या घरची आवराआवर मात्र रद्दीवाल्याला हाक मारून संपत नाही. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात. बालरुग्णांची कागदपत्रे मूल सज्ञान होईपर्यंत व त्यानंतरही काही वर्षे ठेवणे शहाणपणाचे. न्यायालयात प्रकरण चालू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत हात लावू नये. मुदत सरलेले कागदही बारीक फाडूनच नष्ट करावेत. त्यांत कुणाच्या तरी घरचे गुपित असते. ते शेवेच्या पुडीवर वाचले जाऊ नये.

पाऱ्याचे जुने रक्तदाबमापक भंगारात फुटले, तर त्याची वाफ सर्वांनाच घातक, लहान मुलांच्या मज्जासंस्थेला विशेषच. ते आणि मुदत संपलेली औषधे जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या संस्थेला विचारून योग्य त्या ठिकाणी सोपवावीत. उरलेल्या नमुन्याच्या गोळ्या कामवाल्या बाईंच्या हाती ठेवणे हे दान नव्हे. ज्यांच्याकडे सोनोग्राफी यंत्र आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये नोंदणी नसलेल्या कुणालाही ते विकता येत नाही. पाठ्यपुस्तकांच्या कालबाह्य आवृत्त्या विद्यार्थ्यांना भेट देऊ नयेत, त्यांतील औषधांच्या मात्रा आता बदललेल्या असतात. कथा-कादंबऱ्या मात्र आपल्या मराठी ग्रंथालयांत आनंदाने द्याव्यात, आधी तेथे विचारून.

घरात आरंभ भांडी आणि कपड्यांपासून करावा, छायाचित्रे शेवटी काढावीत; एकदा अल्बम उघडला की दिवस संपतो. मुलांना काय हवे ते स्पष्ट विचारावे. आजीचे तांब्याचे घंगाळ त्यांनी नाकारले, तर तो आजीचा अनादर मानू नये. त्यांच्या घरात जागा कमी आहे, मनात नव्हे. त्या घंगाळाची गोष्ट मात्र त्यांना जरूर सांगावी. तिला जागा लागत नाही.

ही निवड आपण केली नाही, तर ती टळत नाही. केवळ दुसऱ्यांवर येते. परदेशातून दहा दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलाला कोणता कागद कायद्याने ठेवायचा, कोणती बाटली विषारी आणि कोणते पत्र आपल्याला प्राणप्रिय होते, हे कळणार कसे? दुःखाच्या दिवसांत त्याने कुलपे तोडत बसावे, हा वारसा कुणालाच ठेवावासा वाटणार नाही. म्हणून हातपाय चालते आहेत, स्मरण शाबूत आहे, तोवरच दर रविवारी एक कपाट उघडावे. मोकळे झालेले फडताळ पाहून लाभणारे समाधानही काही कमी नसते.