काम सुटले तर चूल कशी पेटावी?

आपल्या वस्त्यांत आजारपणाइतकीच धास्ती काम सुटण्याची असते. कंत्राटदार म्हणतो, "उद्यापासून येऊ नका," आणि भाडे, पोरांची फी, वाण्याची उधारी मात्र थांबत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. आडारकरांचा कामगार विम्याचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सरकारी साहाय्याची तरतूद झाली. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शब्दही तिथेच आहेत. त्यांच्याआड सरकारे खुशाल लपली. आजारपणाचा विमा लवकर आला. विमाधारकाला बेकारीचा भत्ता मिळायला २००५ उजाडले. तोवर मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते!

२००५ च्या योजनेनंतर २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला सरासरी रोजाच्या पाव हिस्सा मिळे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२० मध्ये, तो निम्मा केला. मालकामार्फत अर्ज करण्याची सक्तीही गेली, ही खरी सुधारणा. महिना १५ हजार मिळवणाऱ्याला दिवसाला सुमारे २५० रुपये, तेही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. कंत्राटी कामगाराचे काम काय आयुष्यात एकदाच सुटते?

शिवाय दोन वर्षांचा विमा हवा, ठराविक दिवसांची वर्गणी हवी. बांधकामावरचे मजूर, नाक्यावर उभे राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मायबहिणी यांच्याकडे विमा क्रमांकच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटितांसाठी आरोग्य, अपघात, वृद्धापकाळ अशी योजनांची यादी आहे. बेकारीचे त्यात नाव नाही.

मालक एक नाही म्हणून विमा जमत नाही, असे सांगतात. आपल्याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो, पण नोंदणी मंडळाकडे राहते. मंडळ मालकांकडून मजुरी आणि वर लेव्ही वसूल करते. चार घरी राबणाऱ्या बाईसाठी हे का जमू नये? घरकामगारांचे कल्याण मंडळ २००८ च्या कायद्याने झाले, पण घरमालकाकडून पैसा घेण्याचे धाडस कोणी केले नाही. आपल्या संघटनांनी मागणी करावी ती नेमकी हीच.

तोवर ज्यांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांनी विमा क्रमांक घरच्यांनाही लिहून द्यावा, पगाराच्या पावत्या जपाव्यात. काम स्वतःहून सोडणाऱ्याला हा भत्ता नाही, म्हणून कंत्राटदाराने पुढे केलेल्या राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे. काम सुटताच मुदत चालू आहे ना, हे विमा महामंडळाच्या शाखेत विचारावे.