‘वा’, ‘वांग’ आणि ‘वरुग’

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी कुटुंबाच्या कानी जे तामिळ शब्द पहिल्याच आठवड्यात पडतात, त्यांत ‘वा’ हा एक असतो. ‘वा’ म्हणजे ‘ये’. आई मुलाला असे बोलावते, मित्र मित्राला बोलावतो. परंतु लग्नमंडपाच्या कमानीवर किंवा सभेच्या फलकावर ‘वा’ कधी दिसत नाही. तेथे ‘वरुग, वरुग’ असे लिहिलेले असते. शब्द दोन दिसले, तरी क्रियापद एकच.

या क्रियापदाचे मूळ रूप स्थिर राहत नाही. ‘तो आला’ म्हणजे ‘वंदान्’, ‘तो येतो’ म्हणजे ‘वरुगिरान्’, ‘तो येईल’ म्हणजे ‘वरुवान्’. ‘देणे’ या अर्थाचे ‘ता’ हे क्रियापदही याच चालीने चालते. ‘ये’ आणि ‘आला’ एकाच क्रियापदात नांदवणाऱ्या मराठी माणसाने याचे नवल करू नये. ‘वरु’ या अंगाला ‘ग’ जोडला की ‘वरुग’ सिद्ध होते.

या रूपाला तामिळ व्याकरणात ‘वियंगोळ्’ म्हणतात. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देता येत नाही. ‘पाऊस येवो’ ही इच्छा झाली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणाच्या परिभाषेत हा आज्ञार्थ. ‘आपण यावे’ ही विनंती झाली, तो विध्यर्थ. ‘वरुग’ ही दोन्ही कामे एकटे करते. हे सामर्थ्य मात्र त्याला सर्वमान्यतेने लाभले ते पुढे. ‘तोल्काप्पियम्’ या उपलब्ध तामिळ व्याकरणांतील सर्वांत जुन्या ग्रंथाचा दंडक असा की, हे रूप प्रथम व द्वितीय पुरुषी स्थिरावत नाही. म्हणजे त्याचे खरे घर तृतीय पुरुष. समोरच्याला आज्ञा करता येते, दूरच्याविषयी इच्छाच धरावी लागते, हे त्यातले मर्म असावे. पुढे पवनंदी या जैन मुनीने ‘नन्नूल्’मध्ये ते सर्व पुरुषी चालते असे सांगितले. शास्त्राने व्यवहारापुढे मान तुकवली, आणि कमानीवरचे ‘वरुग’ निर्दोष ठरले.

घोषणांतही हेच रूप. ‘तमिऴ् वाऴ्ग’, म्हणजे तामिळ चिरंजीव होवो, ही अक्षरे महानगरपालिकेच्या रिपन इमारतीवरही झळकलेली आहेत. ‘नष्ट होवो’ या अर्थाचे ‘ओऴिग’ १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात रस्तोरस्ती घुमले. आशीर्वाद आणि शाप, दोहोंचा प्रत्यय एकच!

स्पॅनिश भाषेतही ‘येणे’ या क्रियापदाची अशीच गंमत आहे. ‘तो येतो’ म्हणजे ‘व्येने’. पण ‘मी येतो’ म्हणजे ‘वेंगो’, आणि त्यातला शेवटचा ‘ओ’ काढून ‘आ’ लावला की ‘वेंगा’. मित्राला ‘वेन’ म्हणावे, आदरणीय व्यक्तीला ‘वेंगा’. आणि ‘तो येवो’ यासाठीही ‘के वेंगा’च.

आता व्यवहाराची गोष्ट. पुस्तकावरून तामिळ शिकलेला मराठी गृहस्थ दारी आलेल्या शेजाऱ्याला ‘वरुग’ म्हणाला, तर शेजारी मनात हसेल. घरात कोणी कमानीची भाषा बोलत नाही. उलट, वडीलधाऱ्या माणसाला नुसते ‘वा’ म्हटले, तर तो अपमानच. तेथे ‘वांग’ हवे. ‘वारुंगळ्’ या आदरार्थी रूपाचा तो बोलीतला संक्षेप, आपल्या ‘या’सारखा. लेखी निमंत्रण आणि व्यासपीठ येथे ‘वरुग’, उंबऱ्यावर ‘वांग’, आणि ‘वा’ केवळ लहानांस व जिवलगांस.

निरोप घेताना मात्र मराठी माणसाला काही नवे शिकावे लागत नाही. ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे जसे अशुभ, तसेच तिकडेही. पाहुणा ‘पोय् वरुगिरेन्’, म्हणजे ‘जाऊन येतो’ असे म्हणतो, आणि यजमान दारापर्यंत येऊन त्याला सांगतो, ‘पोय् वांग’.