बाष्पनशीतक

पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करणारे साधन. व्यवहारात यास कूलर म्हणतात. अकोला व अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी असते. त्यामुळे वऱ्हाडात याचा वापर सर्रास होतो.

पत्र्याच्या पेटीच्या तीन बाजूंस लाकडाच्या बारीक काडीच्या वा वाळ्याच्या ताट्या बसविलेल्या असतात. पंप तळाच्या टाकीतील पाणी त्यांवर ठिबकत ठेवतो व पंखा बाहेरील हवा त्यांतून आत ओढतो. १ किग्रॅ. पाण्याचे बाष्प होताना हवेतील सु. २,४०० किलोजूल उष्णता शोषली जाते.

शीतक गारवा देत नसल्यास प्रथम ताट्या सर्वत्र ओल्या होतात की नाही ते पहावे. कोरड्या भागातून उष्ण हवा तशीच आत येते. पंप बंद पडणे वा पन्हळीची छिद्रे बुजणे ही याची नेहमीची कारणे होत. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने बाष्पीभवनानंतर उरलेल्या क्षारांची पुटे छिद्रांवर व ताट्यांवर चढतात. म्हणून टाकीतील पाणी वारंवार बदलणे व जुन्या ताट्या काढून टाकणे इष्ट असते. ताट्या ओल्या असूनही खोली तापलेली राहिल्यास समोरची खिडकी उघडावी. दमट हवेस बाहेर वाट नसेल, तर बाष्पीभवन मंदावते. पावसाळ्यात याच कारणाने शीतक निरुपयोगी ठरतो.

ओल्या पत्र्यातून बसणारा विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. यास्तव दुरुस्तीपूर्वी प्लग काढणे व पेटीस भूसंपर्क असणे आवश्यक आहे. डासांची पैदास टाळण्यासाठी टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करतात.