संशोधकांची विषयनिवड आणि स्त्रीपुरुषभेद

इतिहाससंशोधनांत स्त्रियांचे विषय निराळे व पुरुषांचे निराळे, असें एक मत आपणांत रूढ आहे. पुरुष मोहिमा, तह व वतनें पाहतो. स्त्री संस्कार, अलंकार व ओव्या पाहते. आणि हा भेद स्वभावजन्य होय, असें त्याचें प्रतिपादन. भेद दिसतो हें खरें. परंतु त्याचें कारण स्वभावांत शोधण्यापूर्वीं साधनें कोणाच्या हातीं होतीं, हें पाहणें अवश्य आहे.

कै. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. या कार्यामागें गांवोगांवची पायपीट, परक्या वाड्यांतील मुक्काम आणि दफ्तरांच्या मालकांची मनधरणी होती. त्या काळीं एकट्या स्त्रीस असें हिंडणें जवळजवळ अशक्य होतें; मोडी वाचण्याचें शिक्षणहि बहुतेकींस मिळत नसे. दफ्तराची किल्ली पुरुषाच्या हातीं आणि जात्यावरची ओवी माजघरांत, अशी ही वांटणी होती. तीस स्वभाव म्हणणें धाडसाचें आहे.

शिवाय विषय व पद्धति हीं एकत्र बांधलीं जातात, तेथें घोटाळा होतो. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनीं प्राग येथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्राचीन भारतांतील बालकाविषयींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३६ सालचा. विषय घरांतला, पण पद्धति कोणाहि शास्त्र्याची, ग्रंथनिष्ठ. उलट विवाहसंस्थेवर स्वतः राजवाड्यांनींच लिहिलें. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत (१९३०–१९६२) संस्कार व स्त्रीधन यांस विस्तृत स्थान आहे. आणि सानेगुरुजींनीं स्त्रियांच्या ओव्या 'स्त्री जीवन' या नांवानें संग्रहित केल्या. घर हा केवळ स्त्रियांचा विषय कधींच नव्हता.

सर्वांत बोलकें उदाहरण डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचें. बर्लिन येथें १९३० सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली ती मानवी कवटीच्या असमतेवरील प्रबंधास. ह्या विषयांत माजघर कोठें आहे? पुढें त्यांनीं पट्टी व मोजमाप घेऊन प्रांतोप्रांतीं प्रवास केला, आणि भारतांतील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ग्रंथांतील पुरावा व लोकांच्या तोंडची नात्यांची नांवें, हीं दोन्ही साधनें शेजारीं ठेवलेलीं आहेत. तरी 'युगान्त' मध्यें गांधारी, कुंती व द्रौपदी यांस स्वतंत्र लेख मिळाले. आमच्या मतें स्त्री म्हणून कांहीं फरक पडला असेल तर तो येथें, म्हणजे कोणास बोलतें करावें या प्रश्नांत.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गांवोगांवच्या स्त्रियांच्या साहाय्यानें जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. संग्राहकांत स्त्री व पुरुष दोघेहि होते. ओवी सांगणाऱ्या मात्र स्त्रियाच.

हस्तलिखितांच्या संग्राहकांशीं या प्रश्नाचा संबंध अगदीं निकटचा आहे. रुखवताच्या याद्या, बारशाच्या आहेराच्या नोंदी, माहेरीं पाठविलेलीं पत्रें हे कागद याद्यांत बहुधा 'किरकोळ' या सदरीं जातात, व वाळवी लागली कीं प्रथम तेच टाकले जातात. पुढील संशोधकानें, मग तो स्त्री असो वा पुरुष, कोणता विषय निवडावा हें असें आधींच ठरून जातें. ज्यांच्यापाशीं असा रुमाल असेल त्यांनीं तो सोडून प्रत्येक कागदाचें गांव, घराणें व मिति यादींत स्वतंत्र नोंदवावी.