तुंगनाथची चढण आणि डॉक्टरची डोकेदुखी

मागच्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. वय ६२, रक्तदाबाची एक गोळी चालू, रोज पहाटे चार किलोमीटर फिरणे. मे महिन्यात तुंगनाथ-चंद्रशिला करायचे म्हणून तब्येतीचा दाखला हवा होता. ‘‘डॉक्टर, कळसूबाई दोनदा चढलोय. इथे तर नुसती चार किलोमीटरची बांधीव वाट. काय होणार आहे?’’ मी त्यांना कार्डिओग्राम काढून आणायला सांगितले आणि माझीच फजिती ऐकवली. तीच आज वाचकांना सांगतो.

तुंगनाथ हे उत्तराखंडातील पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचे देऊळ. उंची सुमारे १२,००० फूट. उखीमठ-गोपेश्वर रस्त्यावरील चोपता या ठिकाणापर्यंत मोटार जाते. तेथून सुमारे चार किलोमीटरची दगडी पायवाट. देवळाच्या वर आणखी दीड किलोमीटरवर चंद्रशिलेचे टोक, जवळजवळ १३,००० फुटांवर. हवा स्वच्छ असेल तर तेथून नंदादेवी, त्रिशूल, चौखंबा ही शिखरे दिसतात. खाली बुरांशाची जंगले आहेत. वर झाडे संपतात आणि नुसती गवताची कुरणे उरतात. तिकडे त्यांना बुग्याल म्हणतात. याच डोंगराच्या उतारावर आकाशकामिनी नावाचा ओढा उगम पावतो.

आता हिशेब पाहा. आपले कळसूबाई ५,४०० फूट. चोपता, म्हणजे जेथे आपण गाडीतून उतरतो, तेच ८,८०० फुटांवर! तुंगनाथला हवा इतकी विरळ असते की, समुद्रकाठच्या मानाने एका श्वासात दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. हरिद्वार हजार फुटांवर. तेथून दीड-दोन दिवसांत बारा हजारांवर पोहोचणाऱ्या माणसाला ते दिवस मिळतच नाहीत. येथे पायांतली ताकद उपयोगी पडत नाही. उलट धट्टाकट्टा माणूस भरभर चढतो आणि लवकर सापडतो.

मी असाच सापडलो. २०१८ चा मे महिना, वय ५१. सौ., मेहुणे आणि मी रात्री चोपत्याला मुक्काम केला. झोप नीट लागली नाही, सकाळी डोके जड. दोन दिवस घाटातल्या वळणांचा प्रवास झाला होता, त्यामुळे पित्त असेल असे निदान करून एक गोळी घेतली आणि निघालो. देवळापाशी पोहोचेपर्यंत डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली. सौ. म्हणाल्या, ‘‘परत फिरू या.’’ मी म्हणालो, ‘‘दीड किलोमीटर तर राहिलंय. डॉक्टर मी आहे की तू?’’ त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमच्याच पेशंटला असं होत असतं, तर काय सांगितलं असतंत?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पुस्तकातले सारे मला ठाऊक होते. फक्त ते मलाही लागू आहे, हे मान्य होत नव्हते. आम्ही उतरलो. चोपत्याला चहा घेईपर्यंत मळमळ थांबली आणि संध्याकाळी उखीमठला डोके मोकळे झाले. चंद्रशिला मी अजून पाहिलेली नाही.

वाचकहो, आठ हजार फुटांच्या वर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप उडणे ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे. ती असताना वर चढू नये. तेथेच विश्रांती घ्यावी. वाढली तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यात फेस येणे, चालताना झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे ही मात्र फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठल्याची खूण. अशा माणसाला सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली आणावे. प्राणवायूचे नळकांडे मिळाले तर जरूर द्यावे, पण त्यासाठी उतरणे लांबवू नये.

आता ओढ्याची गोष्ट. मेहुण्यांनी आदल्या दिवशी आकाशकामिनीचे पाणी ओंजळीने प्यायले. ‘‘हे तर हिमालयाचं पाणी!’’ पाणी खरेच काचेसारखे होते. पण वरच्या कुरणांत मेंढ्या चरतात, वाटेवर खेचरे चालतात आणि यात्रेकरूंची घाणही पावसाबरोबर खालीच येते. घरी परतल्यावर दहा दिवसांनी मेहुण्यांना पातळ जुलाब, पोटफुगी, घाणेरड्या ढेकरा सुरू झाल्या. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया निघाला. हा जंतू थंड पाण्यात आरामात जगतो आणि क्लोरीनच्या गोळीला सहजी दाद देत नाही. पाणी उकळूनच प्यावे. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटे ठेवावे.

मास्तरांचा कार्डिओग्राम ठीक आला. दाखला दिला आणि मागच्या बाजूला लिहिले :

१) उखीमठला एक आणि चोपत्याला दोन रात्री राहा. वेळ असेल तर सारी गावातून देवरिया तालमार्गे जंगलातून चालत चोपत्याला या. शरीराला सवय होते.

२) बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

३) रक्तदाबाची गोळी चुकवू नका. उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मिळते, पण सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती चालत नाही. विचारल्याशिवाय घेऊ नका.

४) डोके दुखले तर बरोबरच्या माणसाला लगेच सांगा आणि तो ‘परत फिरा’ म्हणाला तर ऐका.

मास्तरांनी चौथा मुद्दा दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘बरोबर हिलाच न्यावं म्हणता?’’ मी म्हटले, जरूर न्या.